स्तरानुसार अध्यापन: पायाभूत वाचन-गणितासाठीच्या एका पद्धतीचे परीक्षण

पाचवीच्या वर्गात बसलेल्या मुलाला दुसरीच्या पुस्तकातील गोष्ट वाचता येत नसेल, तर पाचवीचे विज्ञान, पाचवीचा भूगोल आणि पाचवीचे गणित त्याच्यापर्यंत पोहोचणार कसे, हा विकसनशील देशांतील शाळांपुढचा सर्वांत मूलभूत प्रश्न आहे. त्याला थेट भिडणारी एक सेवा म्हणजे ‘प्रथम’ या भारतातील स्वयंसेवी संस्थेने विकसित केलेली आणि आता आफ्रिकेतील अनेक देशांतही वापरात असलेली ‘टीचिंग ॲट द राइट लेव्हल’ ही पद्धत. या परीक्षणात तिला ‘स्तरानुसार अध्यापन’ म्हटले आहे. माझे मत आधीच सांगतो. एखादी शाळा, जिल्हा प्रशासन किंवा शिक्षण मंत्रालय पायाभूत वाचन-गणितासाठी काही करू पाहत असेल, तर त्यांनी ही पद्धत जरूर स्वीकारावी. परंतु दिवसातला एक ठरलेला वेळ दुसऱ्या कोणत्याही कामाला न देण्याची तयारी नसेल, तर तिच्या वाटेला जाऊ नये. गेल्या दोन दशकांत या पद्धतीची जितकी काटेकोर तपासणी झाली, तितकी शिक्षणातील फार थोड्या उपक्रमांची झाली असेल, आणि ती तपासणी या दोन्ही विधानांना बळ देते.

प्रश्न किती मोठा आहे हे लक्षात घेतल्याशिवाय या पद्धतीचे मोल कळणार नाही. जागतिक बँकेने २०१९ मध्ये ‘अध्ययन दारिद्र्य’ हे माप मांडले. दहा वर्षांच्या वयात साधा मजकूर वाचून तो समजू न शकणाऱ्या मुलांचे प्रमाण त्यातून कळते. अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण तेव्हा ५३ टक्के होते. महासाथीत शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ च्या अंदाजानुसार, ते ७० टक्क्यांवर गेले. भारताच्या ग्रामीण भागातील ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून याच वास्तवाची नोंद करत आले आहे. सहा ते चौदा वयोगटातील ९५ टक्क्यांहून अधिक मुलांची नावे पटावर आहेत, पण २०२४ च्या सर्वेक्षणातही पाचवीतील निम्म्याहून थोड्या कमीच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. शाळा बांधणे, मुलांना शाळेत आणणे, त्यांना दुपारचे जेवण आणि पुस्तके देणे ही कामे बऱ्याच अंशी झाली. ती सोपी नव्हती आणि त्यांचे श्रेय कमी करण्याचे कारण नाही. मात्र वर्गातील शिकवणे अभ्यासक्रमाच्या गतीने पुढे जात राहते आणि पहिल्या दोन वर्षांत जे मूल मागे राहिले, त्याच्यासाठी परत मागे येऊन शिकवण्याची सोय वेळापत्रकात कुठेच नसते. स्तरानुसार अध्यापनाने नेमकी हीच सोय केली आहे.

‘प्रथम’ची सुरुवात १९९५ मध्ये मुंबईत झाली. आज ती जी सेवा देते तिचे मुख्य भाग तीन: मुलांची तोंडी चाचणी, इयत्तेऐवजी पातळीनुसार गट, आणि त्या गटांसाठी ठरवलेल्या कृतींचा रोजचा तास. तिन्ही एकत्र असतील तरच पद्धत पूर्ण होते, हे पुढे पुराव्यातूनच दिसेल.

चाचणीचे पत्रक हा मला या सगळ्यातील सर्वांत गुणी भाग वाटतो. एका कागदावर काही अक्षरे, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट असते. शिक्षक एकेका मुलाला जवळ बसवून आधी परिच्छेद वाचायला देतो. तो सहज वाचला गेला तर गोष्ट, अडखळत वाचला गेला तर शब्द, आणि शब्दही जमले नाहीत तर अक्षरे. मूल ज्या पायरीवर स्थिर उभे राहते, ती त्याची पातळी. गणितातही असेच. एक अंकी संख्या ओळखणे, दोन अंकी संख्या ओळखणे, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे, एवढ्या पायऱ्यांत मुलाचे गणित कुठे अडले आहे ते कळते. एका मुलाला थोडी मिनिटे पुरतात, छपाईचा खर्च नगण्य असतो आणि निकाल त्याच क्षणी हाती येतो. गुणपत्रिकेवरील ‘४२ गुण’ पाहून शिक्षकाला उद्या काय शिकवायचे ते समजत नाही. ‘शब्द वाचतो, परिच्छेद वाचत नाही’ या नोंदीतून ते लगेच समजते. शिवाय लेखी परीक्षेत शेजाऱ्याची वही पाहून उतरवणारे, वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षातच न आलेले मूल या चाचणीत पहिल्यांदा शिक्षकासमोर येते. अनेक शिक्षकांना आपल्या वर्गाचे खरे चित्र पाहून धक्का बसतो, आणि माझ्या मते या पद्धतीतील बदलाची सुरुवात त्या धक्क्यातूनच होते.

दुसरा भाग गटांचा. तिसरी ते पाचवीची मुले दिवसातल्या ठरलेल्या वेळी आपापले वर्ग सोडून पातळीनुसार बसतात. अक्षर-ओळख नसलेला पाचवीतला मुलगा आणि तशीच तिसरीतली मुलगी एका गटात येतात. परिच्छेद वाचू शकणारी मुले दुसऱ्या शिक्षकाकडे जातात. गटांची ही रचना कायमची नसते. काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी होते आणि ज्याची प्रगती झाली ते मूल पुढच्या गटात जाते. याच लवचिकतेमुळे, हुशार आणि मठ्ठ अशी वर्गांची कायमची फाळणी करण्याच्या जुन्या प्रथेपासून ही पद्धत वेगळी ठरते. गट बदलत नसतील, तर खालच्या गटातील मुलांवर शिक्का बसतो आणि ती तिथेच राहतात. म्हणून एखाद्या शाळेत ही पद्धत पाहायला जाणाऱ्याने सर्वांत आधी विचारावे की गेल्या महिन्यात किती मुलांचा गट बदलला.

तिसरा भाग प्रत्यक्ष तासाचा. शिक्षक गोष्ट मोठ्याने, शब्दाखाली बोट फिरवत वाचतो. मग मुले वाचतात. मग गोष्टीवर बोलणे होते. त्यानंतर बाराखडीच्या तक्त्यावरून अक्षरांचे आणि शब्दांचे खेळ, आणि शेवटी मुलांनी स्वतःच्या मनातले काहीतरी लिहिणे, मग ते एक अक्षर का असेना. गणितात काड्या आणि दहा काड्यांचे गठ्ठे हाताळत एकक-दशक समजून घेतले जाते आणि त्यानंतरच ते पाटीवर येते. काही काम सर्वांनी मिळून, काही लहान गटात, काही एकट्याने होते. ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे एकाच तासात गुंफलेले असल्यामुळे मुलांचे लक्ष टिकते. कृतींची संख्या मुद्दाम थोडी ठेवली आहे आणि त्या दररोज त्याच क्रमाने येतात. नव्या शिक्षकाला किंवा गावातल्या बारावी झालेल्या स्वयंसेवकालाही त्या थोड्या दिवसांत आत्मसात होतात, हा या रचनेचा मोठा फायदा आहे. मी पाहिलेल्या अशा वर्गांत सर्वांत जास्त जाणवलेली गोष्ट म्हणजे मुलांचा आवाज. एरवी मागच्या बाकावर मान खाली घालून बसणारी मुले इथे मोठ्याने वाचतात, चुकतात, पुन्हा वाचतात, कारण गटातील प्रत्येक जण त्याच पायरीवर असल्यामुळे चुकण्याची लाज कुणालाच वाटत नाही.

आता पुराव्याकडे वळू, कारण या सेवेचे खरे वेगळेपण तिथे आहे. २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांनी आपल्या सहकाऱ्यांसह या पद्धतीच्या एकामागून एक आवृत्त्यांची यादृच्छिक निवडीच्या कसोटीने, म्हणजे उपक्रम कुठे राबवायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून आणि उरलेल्यांशी तुलना करून, तपासणी केली, आणि ‘प्रथम’ने प्रत्येक निष्कर्षानंतर आपले काम बदलले. पहिली तपासणी २००१ ते २००३ दरम्यान मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांमधल्या ‘बालसखी’ उपक्रमाची होती. वस्तीतलीच शिकलेली तरुणी वर्गातील सर्वांत मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून शिकवत असे. पहिल्या वर्षी सरासरी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाइतकी (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत ते सांगणाऱ्या मापात) वाढ नोंदवली गेली. शिक्षणाच्या क्षेत्रात हे आकडे चांगले मानले जातात. त्याहून बोलका तपशील असा की जवळजवळ सगळी वाढ बालसखीकडे गेलेल्या मुलांचीच होती. वर्गात मागे उरलेल्या मुलांना गर्दी कमी झाल्याचा काहीच लाभ झाला नाही. म्हणजे पटसंख्या घटवून शिकवणे तेच ठेवले तर फारसे काही बदलत नाही, आणि शिकवणे मुलाच्या पातळीवर आणले तर माफक प्रशिक्षण घेतलेली तरुणीही बदल घडवते.

यानंतर उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात, २००५-०६ मध्ये, गावातील स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचनवर्ग चालवले. या वर्गांना आलेल्या, आधी काहीही वाचता न येणाऱ्या मुलांनी उत्तम प्रगती केली. पण आली किती? गावातील एकूण मुलांपैकी सुमारे आठ टक्के, आणि अजिबात वाचता न येणाऱ्यांपैकी सुमारे तेरा टक्के. याच प्रयोगातील इतर गावांत पालकांच्या बैठका घेऊन त्यांना शाळेची स्थिती आणि शालेय समितीचे अधिकार सांगण्यात आले. त्याने शाळेत काहीही बदलले नाही. पद्धत गुणकारी होती, परंतु ज्यांना तिची गरज होती ती बहुसंख्य मुले तिच्या कक्षेबाहेर राहिली. त्यामुळे ती शाळेच्या आत न्यावी लागणार, हे स्पष्ट झाले.

आणि शाळेच्या आत गेल्यावर खरी अडचण उघड झाली. बिहारमध्ये २००८ च्या सुमारास शिक्षकांना केवळ साहित्य दिले गेले, तेव्हा परिणाम शून्य. साहित्य आणि प्रशिक्षण दोन्ही दिले गेले, तरी वर्षभराच्या नेहमीच्या शाळेत परिणाम शून्य. त्याच बिहारमध्ये उन्हाळ्याच्या सुटीत सरकारी शिक्षकांनीच याच पद्धतीने शिबिरे घेतली, तेव्हा मुलांचे वाचन सुधारले. शिक्षक तेच, साहित्य तेच. शिबिरांत मदतीला स्वयंसेवकही होते, पण महत्त्वाचा बदल असा की सुटीत पाठ्यपुस्तक संपवण्याचे ओझे त्यांच्यावर नव्हते आणि समोर इयत्ता नव्हती, मागे पडलेली मुले होती. या सर्व अभ्यासांतून मला एकच निष्कर्ष निवडायला सांगितला तर मी हा निवडेन. सरकारी शाळांतील अपयशाचे खापर शिक्षकांच्या क्षमतेवर फोडण्याची सवय आपल्याकडे खोलवर रुजली आहे, आणि बिहारचा हा अनुभव ती सवय सोडायला भाग पाडतो. शिक्षकाला जे काम नेमून दिले जाते आणि ज्याचा त्याच्याकडे हिशेब मागितला जातो, तेच तो करतो. आणि त्याच्याकडे हिशेब मागितला जातो तो अभ्यासक्रम कुठवर आला याचा.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा वाचताना ही ओढाताण एकाच कलमात दिसते. कलम २४ मधील एक उपकलम शिक्षकाला सांगते की संपूर्ण अभ्यासक्रम ठरावीक मुदतीत पूर्ण करावा. त्याच्या पुढचेच उपकलम सांगते की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेनुसार जादा शिक्षण द्यावे. दोन्ही कर्तव्ये कायद्याने सारखीच बंधनकारक आहेत. प्रत्यक्षात पहिल्याची तपासणी होते, दुसऱ्याची होत नाही. त्यामुळे दुसरे मागे पडते. स्तरानुसार अध्यापन म्हणजे या दुसऱ्या उपकलमाला वेळापत्रकात हक्काची जागा देणे होय, आणि भारतापुरते बोलायचे तर ही पद्धत कायद्याच्या चौकटीबाहेरची आहे अशी सबब कोणत्याही अधिकाऱ्याला सांगता येणार नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानानेही पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान हेच ध्येय ठेवले आहे. मात्र त्याचा मुख्य भर तिसरीपर्यंतच्या मुलांवर असल्यामुळे, चौथी-पाचवीत पोहोचूनही वाचता न येणाऱ्यांची जबाबदारी निश्चित करण्याचे काम बरेचसे बाकी राहते.

अपयशाचा धडा घेऊन पुढे दोन मार्ग काढण्यात आले. हरियाणात २०१२-१३ मध्ये शाळेच्या वेळेतला एक तास केवळ या कामासाठी राखून ठेवला गेला, मुलांना खरोखरच वर्गांतून उठवून पातळीनुसार बसवले गेले आणि शिक्षकांना मार्गदर्शन करणाऱ्या साधनव्यक्तींनी आधी स्वतः काही दिवस मुलांना शिकवून पाहिले. हिंदी वाचनात सुमारे ०.१५ प्रमाण विचलनाची वाढ झाली; माफक, पण सरकारी यंत्रणेने, सरकारी शिक्षकांकरवी मिळवलेली. साधनव्यक्तीने आधी स्वतः शिकवून पाहण्याची अट मला विशेष महत्त्वाची वाटते. ज्याने खडू हातात घेऊन अडखळणाऱ्या मुलाला गोष्ट वाचायला शिकवले आहे, तोच शिक्षकाच्या वर्गात जाऊन उपयोगाचे काही सांगू शकतो. केवळ प्रपत्रे भरून घेणाऱ्याला ते जमत नाही. उत्तर प्रदेशात २०१३-१४ मध्ये दुसरा मार्ग अवलंबला गेला. तिथे ‘प्रथम’च्या कार्यकर्त्यांनी स्वयंसेवकांच्या मदतीने, शाळेच्या वेळेतच, दहा-दहा किंवा वीस-वीस दिवसांची शिबिरे घेतली आणि उन्हाळ्यातील शिबिरासह ती वर्षात सुमारे पन्नास दिवस चालली. शिबिरे झालेल्या शाळांत परिच्छेद किंवा गोष्ट वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण इतर शाळांच्या दुपटीच्या आसपास गेले. अशा प्रकारच्या अभ्यासांत नोंदल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या परिणामांत याची गणना होते. पन्नास दिवसांत जे साध्य झाले ते आधीच्या तीन-चार वर्षांच्या शाळेत का झाले नाही, हा विचार अस्वस्थ करतो. पण त्यातच आशाही आहे, कारण मुलांची शिकण्याची क्षमता शाबूत आहे हे त्यातून निःसंशय कळते.

आफ्रिकेतील अनुभवाने या पद्धतीची कसोटी आणखी कडक झाली. झांबियाच्या शिक्षण मंत्रालयाने २०१६ मध्ये थोड्या शाळांतून ‘कॅच अप’ या नावाने ती सुरू केली आणि पुढे तिचा विस्तार केला. घानात समाजातील साहाय्यकांना तसेच शिक्षकांना हे काम देऊन पाहिले गेले आणि तिथेही शिक्षकांकडून गटवारी नियमितपणे होत नसल्याची तीच अडचण आली. केनियात एस्तेर दुफ्लो, पास्कलिन द्यूपा आणि मायकेल क्रेमर यांच्या अभ्यासात, सुरुवातीच्या पातळीनुसार दोन तुकड्या केल्यावर वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही तुकड्यांतील मुलांना लाभ झाल्याचे आढळले, कारण शिक्षकाला आपले शिकवणे समोरच्या मुलांच्या जवळ आणता आले. महासाथीच्या काळात बोट्स्वानात शाळा बंद असताना साध्या दूरध्वनीवरून आठवड्याला एकदा मुलाच्या पातळीचे गणित समजावून दिले गेले आणि त्याचाही मोजण्याइतका परिणाम झाला. भाषा, देश आणि माध्यम बदलले तरी मूळ तत्त्व टिकते, याची मला यातून खात्री पटली.

शिक्षणसुधारणेच्या नावाखाली सरकारांना जे इतर पर्याय पुढे केले जातात, त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय हे परीक्षण अपुरे राहील. केनियातील ग्रामीण शाळांत पाठ्यपुस्तके पुरवली गेली, तेव्हा त्यांचा फायदा आधीच पुढे असलेल्या मुलांनाच झाला. पुस्तके इंग्रजीत होती आणि बहुतेक मुलांना ती वाचताच येत नव्हती. पेरूत ग्रामीण शाळांतील मुलांना संगणक वाटले गेले. भाषेत आणि गणितात फरक पडला नाही. इंडोनेशियात प्रमाणित शिक्षकांचे वेतन दुप्पट केले गेले. शिक्षक समाधानी झाले, त्यांची आर्थिक ओढाताण कमी झाली, पण मुलांच्या शिकण्यात वाढ दिसली नाही. शिक्षकांना सन्मानाने जगता येईल असे वेतन मिळालेच पाहिजे आणि मुलांच्या हातात पुस्तकेही हवीतच. परंतु वर्गातील शिकवणे आणि मुलाची पातळी यांतील अंतर यांपैकी कोणत्याही उपायाने आपोआप भरून निघत नाही.

खरी तुलना करायची तर ती केनियाच्या ‘टुसोमे’ कार्यक्रमाशी करावी लागेल. २०१५ पासून तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांतील सुरुवातीच्या इयत्तांत प्रत्येक मुलाला स्वतःचे पुस्तक, शिक्षकाला दररोजच्या पाठाची सविस्तर मार्गदर्शिका, आणि टॅब्लेट घेऊन वर्गात नियमित येणारा मार्गदर्शक अशी तिहेरी व्यवस्था देशभर उभी केली गेली आणि वाचनात लक्षणीय सुधारणा झाली. हा उपाय पहिलीपासून मूल मागे पडूच नये यासाठीचा आहे, तर स्तरानुसार अध्यापन मागे पडलेल्यांना वर आणण्यासाठीचे. ज्या देशाकडे यंत्रणा आणि सातत्य आहे, त्याने दोन्ही करावेत. एकच निवडायचा असेल तर पहिलीत आज दाखल होणाऱ्या मुलांसाठी मी ‘टुसोमे’सारखी रचना निवडेन, आणि आज तिसरी ते पाचवीत असलेल्या मुलांसाठी स्तरानुसार अध्यापन, कारण त्या मुलांना पुन्हा पहिलीत बसवता येणार नाही आणि त्यांच्या हातातली वर्षे झपाट्याने संपत आहेत.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत गंभीर उणीव टिकाऊपणाची. बालसखी उपक्रम संपल्यानंतर वर्षभराने पुन्हा मोजले असता वाढ बरीच ओसरून ०.१ प्रमाण विचलनाच्या आसपास आली होती. त्यामुळे एकदा शिबिर घेतले आणि काम झाले, असे मानणे चुकीचे ठरते. गोष्ट वाचू लागलेल्या मुलाला वाचत राहण्यासाठी पुस्तके, वेळ आणि त्याच्या वाचनाकडे लक्ष देणारे कुणीतरी लागते, आणि नेहमीच्या वर्गात परतल्यावर त्याला पुन्हा अवघड पाठ्यपुस्तकाशीच झुंजावे लागते. दुसरी उणीव चाचणीच्या मर्यादेची. घडाघडा वाचता येणे म्हणजे समजणे नव्हे. पत्रकावरील सर्वांत वरची पायरी दुसरीच्या पातळीची आहे आणि मूळ चाचणी वाचनाचा ओघ तपासते. अर्थ कळला का, हे ती जवळजवळ तपासत नाही. एका देशातील लाखो मुलांची स्थिती थोड्या वेळात जाणण्यासाठी हे साधेपण योग्यच आहे, परंतु शाळेने तिथेच समाधान मानू नये. ‘गोष्ट’ पातळीच्या पुढे काय, याचे उत्तर या सेवेत इतक्या नेमकेपणाने बांधलेले नाही. अक्षराकडून गोष्टीकडे नेणाऱ्या पायऱ्या जितक्या विचारपूर्वक घडवल्या आहेत, तितक्याच विचारपूर्वक गोष्टीकडून पाठ्यपुस्तकाकडे नेणाऱ्या पायऱ्या घडवाव्यात, अशी माझी या पद्धतीच्या कर्त्यांकडे आग्रहाची मागणी आहे.

भाषेचा मुद्दाही छोटा नाही. घरी एक भाषा बोलणाऱ्या आणि शाळेत दुसरीच भाषा ऐकणाऱ्या मुलाच्या बाबतीत ‘अक्षर पातळी’ ही नोंद फसवी ठरू शकते. त्याला चिन्हे ओळखता येत नाहीत की शब्दच अनोळखी आहेत, हे पत्रक सांगत नाही. अशा भागांत चाचणीचे आणि कृतींचे साहित्य मुलांच्या घरच्या भाषेत तयार केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शिक्षकांच्या बाजूने एक तक्रार मी वारंवार ऐकली आहे आणि ती रास्त आहे. दोन शिक्षकी शाळेत पाच पातळ्यांचे गट करायचे कसे? अशा ठिकाणी गट दोनच ठेवावे लागतात, आणि एका गटाला स्वतंत्र काम देऊन दुसऱ्याकडे लक्ष द्यावे लागते. स्वयंसेवक मिळाला तर मोठा आधार होतो, मात्र स्वयंसेवकाच्या भरवशावर उभी केलेली व्यवस्था तो गेल्यावर कोसळते. प्रशिक्षणात बहुशिक्षकी शाळा गृहीत धरली जाते, ही रचनेतील उणीव आहे आणि ती दूर करता येण्याजोगी आहे.

ही पद्धत स्वीकारू इच्छिणाऱ्या अधिकाऱ्याने किंवा मुख्याध्यापकाने करार करण्यापूर्वी काही गोष्टी लेखी ठरवाव्यात, असे मला वाटते. रोजचा कोणता तास या कामासाठी राखला जाईल आणि त्या तासात शिक्षकांना सर्वेक्षण, बैठका किंवा माहिती भरण्याचे काम दिले जाणार नाही, याची हमी कोण देईल? त्या तासापुरते शिक्षक अभ्यासक्रमात मागे पडले तर त्यांच्याकडे खुलासा मागितला जाणार नाही, असे परिपत्रक निघेल का? केंद्रप्रमुख किंवा त्यांच्या जागी जे कोणी वर्गाला भेट देतील, त्यांनी स्वतः किमान दोन-तीन आठवडे एखादा गट शिकवलेला असेल का? या प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील, तर निदान मुलांची चाचणी तरी घेऊन ठेवू, असा मोह होतो, कारण चाचणी सोपी आहे आणि तिचे आकडे अहवालात शोभून दिसतात. त्या मोहाला बळी पडू नये. हरियाणातील याच अभ्यासात काही शाळांमध्ये सातत्यपूर्ण मूल्यमापनाची योजना स्वतंत्रपणे तपासली गेली होती. शिक्षकांनी मुलांचे वारंवार मूल्यमापन करून नोंदी ठेवाव्यात, एवढेच त्यात अपेक्षित होते. त्या नोंदींवरून शिकवणे कसे बदलायचे याची व्यवस्था नव्हती, आणि मुलांच्या वाचनात किंवा गणितात त्यामुळे काहीच सुधारणा झाली नाही.